सेलिंगचे जॅकेट दर पावसाळ्यात पुन्हा आतून ओले का होते: लक्षणे, तपासण्या आणि कोठे थांबावे

नागपुरात शिडाची बोट चालवणारे थोडे आहेत. त्यांचा बहुतेक सराव अंबाझरी तलावाच्या गोड्या पाण्यात होतो आणि वर्षातून एखाद्या वेळी मुंबई, गोवा किंवा ओडिशातील चिलिका सरोवर येथील खाऱ्या अथवा मचूळ पाण्यात होतो. त्यांची जलरोधक जॅकेटे आणि डांगरीसारख्या खांदापट्ट्यांच्या पँट माझ्याकडे दुरुस्तीला येतात, तेव्हा तक्रार बहुधा एकच असते: गेल्या वर्षी नीट केलेले जॅकेट मृगाचा पाऊस पडताच पुन्हा आतून ओले होऊ लागले आहे. दोष तोच दिसत असला तरी त्याची कारणे निरनिराळी असतात. त्यामुळे ओल नेमकी कोठे आणि केव्हा दिसते हे पाहिल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण असे की कापडाच्या बाहेरच्या बाजूवर पाण्याचे थेंब राहत नाहीत, खांदे व बाह्यांचा वरचा भाग पाणी शोषून गडद रंगाचा होतो, जॅकेट जड वाटते आणि आतून थंड, दमट स्पर्श जाणवतो. दुसरे लक्षण वरवर त्याच्यासारखेच असले तरी ओल पाठीवर, काखेत आणि कोपराच्या आतल्या बाजूस सर्वाधिक असते आणि शिडाची दोरी ओढण्याचे काम जितके जास्त तितकी ती वाढते. तिसऱ्या प्रकारात आतल्या कपड्यांवर एक सरळ ओली रेघ उमटते आणि ती खांद्याच्या, बाहीच्या किंवा चेनच्या शिवणीशी जुळते. चौथ्यात फक्त बैठकीचा भाग आणि गुडघे ओले होतात. पाचवे लक्षण सर्वांत वाईट आहे: आतल्या बाजूचा लेप चिकट होतो, पांढऱ्या किंवा करड्या पापुद्र्यांनी सुटतो, त्याला आंबूस वास येतो, किंवा बाहेरच्या कापडावर हवेचे फुगे आल्यासारखे दिसते.

पहिल्या दोन लक्षणांमध्ये कापडाला बहुधा छिद्र नसते. ही गोष्ट पटणे कठीण जाते, पण अनेकदा दुरुस्तीचा खर्च वाचतो तो याच ठिकाणी.

पहिली तपासणी: पाणी बाहेरून आले की आतून

या तपासणीला एक बादली आणि एक तास एवढेच लागते. जॅकेटचा संशयित भाग बादलीच्या तोंडावर सैल झोळीसारखा पसरावा, बाहेरची बाजू वर ठेवावी, कडा चिमट्यांनी पक्क्या कराव्यात आणि झोळीत दोन-तीन इंच पाणी ओतावे. बादलीच्या तळाशी कोरडे वर्तमानपत्र ठेवावे. तासाभरानंतर कागद कोरडा असेल, तर त्या भागात उघडे छिद्र नाही. मग झोळीखाली तळहात लावून कापड वर दाबावे. शिवणीतून किंवा एखाद्या बिंदूतून थेंब फुटला तर ती जागा साबणाच्या वडीने खुणावून ठेवावी.

हाताने दाबण्याचे कारण असे आहे. जॅकेटच्या चिठ्ठीवर १०,००० किंवा २०,००० मिमी असा आकडा असतो. त्याचा अर्थ कापड तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सहन करते, म्हणजे अनुक्रमे दहा आणि वीस मीटर. बादलीतील दोन इंच पाणी म्हणजे जेमतेम ५० मिमी. एवढ्या दाबाखाली गळणारे कापड खरोखर फाटलेले किंवा झिजलेले असते. पण एवढ्या दाबाखाली न गळणारे कापड बोटीच्या ओल्या फळीवर सगळा भार टाकून बसल्यावर किंवा गुडघे टेकल्यावर गळू शकते. बैठक आणि गुडघे प्रथम का जातात याचे उत्तर या आकड्यांतच आहे.

दाबूनही कागद कोरडा राहिला आणि तरीही जॅकेट घातल्यावर बैठक व गुडघे सोडून इतरत्र ओल येत असेल, तर ती बहुधा घामाची समजावी. श्वसनक्षम कापडातून वाफ बाहेर जाते ती आत आणि बाहेर असलेल्या बाष्पदाबातील फरकामुळे. नागपुरात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते आणि हवाही गरम असते. त्यामुळे तो फरक फारच कमी उरतो आणि कापडात कितीही महाग जलरोधक पडदा असला तरी घाम आतच साचतो. उत्तर अटलांटिकच्या थंड वाऱ्यासाठी बेतलेले कापड आपल्याकडच्या पावसाळी दुपारी तेवढेच काम करील ही अपेक्षा कापडावर अन्याय करणारी आहे. अशा दिवशी आत सुती बनियन घालू नये, कारण सूत घाम धरून ठेवते. पातळ पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा अंगालगतचा कपडा घालावा आणि काखेखालच्या चेन असतील तर उघड्या ठेवाव्यात.

दुसरी तपासणी: गळा, मनगट आणि टोपी

यालाही खर्च नाही. आतल्या सुती शर्टाची कॉलर किंवा बाही जॅकेटच्या बाहेर डोकावत असेल, तर ती दिव्याच्या वातीप्रमाणे पाणी आत ओढते आणि खांद्यापर्यंत ओल पोचवते. मनगटावरच्या वेल्क्रोत धागे, केस आणि अंबाझरीच्या जलपर्णीच्या मुळांचे तंतू अडकलेले असले की पट्टी घट्ट बसत नाही, हात वर करताच पाणी कोपरापर्यंत उतरते आणि माणूस बाहीला गळती लागली असे समजतो. जुन्या दातांच्या ब्रशने वेल्क्रो साफ करावे, आतली बाही मनगटाच्या वर दुमडावी आणि पुन्हा पाण्यावर जाऊन पाहावे.

तिसरी तपासणी: धुणे

माझा अनुभव असा की पहिल्या लक्षणाची बहुसंख्य जॅकेटे फक्त नीट धुतल्याने आणि नीट वाळवल्याने सुधारतात. म्हणून या पायरीवर घाई करू नये.

जलरोधक कापडाचे काम दोन थरांत वाटलेले असते. आतला पडदा किंवा लेप पाण्याला अडवतो. बाहेरच्या नायलॉनवर पाणी झटकणारा एक अतिशय पातळ रासायनिक थर असतो, ज्याला फवारणीच्या बाटल्यांवर ‘डीडब्ल्यूआर’ (ड्युरेबल वॉटर रिपेलंट, म्हणजे पाणी झटकणारा टिकाऊ लेप) असे छापलेले असते. अमेरिकी अभियंते बॉब गोअर यांनी १९६९ मध्ये ताणून पसरवलेल्या पीटीएफईपासून (टेफ्लॉन या नावाने ओळखले जाणारे प्लास्टिक) जो पडदा निघाला, त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा सुमारे २०,००० पट लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा सुमारे ७०० पट मोठी असल्याचे निर्माते सांगतात. हा पडदा सहजासहजी बिघडत नाही. बिघडतो तो बाहेरचा थर. तो गेला की नायलॉन पाणी पिते, कापडाबाहेर पाण्याची अखंड पातळ चादर तयार होते, वाफेची वाट बंद होते आणि आतला घाम थंड कापडावर जमतो. पडदा शाबूत असूनही जॅकेट गळल्यासारखे वाटते ते यामुळे.

बाहेरचा थर तीन गोष्टींनी निष्प्रभ होतो. पहिली म्हणजे मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळले तरी ते कापडात राहतात, हवेतील ओल ओढून घेतात आणि त्यांचे कण घडीच्या रेघांवर कापड घासतात. त्यामुळे खाऱ्या पाण्यावरून परत येताना जॅकेट तसेच पिशवीत कोंबून नागपूरपर्यंत रेल्वेने आणू नये, तिथल्या तिथे गोड्या पाण्यात दोनदा बुचकळून काढावे. दुसरी गोष्ट म्हणजे तेल: डोक्याला लावलेले खोबरेल, उन्हापासून बचावाचे मलम, अंगाचा तेलकटपणा. टोपी, कॉलर आणि हनुवटीची पट्टी हे भाग सर्वांत आधी पाणी पिऊ लागतात, कारण हे तेल पाणी झटकणाऱ्या थरावर बसते, आणि आतल्या बाजूच्या पॉलियुरेथेनच्या (एक लवचीक प्लास्टिक) लेपालाही ते हळूहळू मऊ करते. तिसरी गोष्ट आपल्या न्हाणीघरातच असते: कपडे धुण्याची पावडर आणि कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव. साबणाचा स्वभावच पाण्याला जवळ ओढण्याचा आहे, आणि त्याचा अंश कापडात राहिला तर पाणी झटकण्याचे काम थांबते. बोअरवेलच्या जड पाण्यात हा त्रास वाढतो, कारण त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी संयोग होऊन साबणाचा चिकट साका तयार होतो. घरी दोन्ही पाणी येत असेल, तर या एका कपड्यासाठी नळाचे पाणी वापरावे.

धुण्यापूर्वी सर्व चेन लावाव्यात, वेल्क्रो बंद करावे, खिसे रिकामे करावेत आणि चिठ्ठीवरील सूचना वाचाव्यात. निकवॅक्स किंवा ग्रेंजर्स यांसारख्या कंपन्यांचे जलरोधक कापडासाठीचे धुण्याचे द्रव मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास रंग व सुगंध नसलेले सौम्य द्रव अगदी थोडे घ्यावे. पाणी ३० अंशांच्या आसपास कोमट असावे. टबमध्ये पंधरा मिनिटे भिजवून, कॉलर व कफ मऊ स्पंजने पुसून, फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळावे आणि फेस गेल्यावरही आणखी एकदा खळबळावे. ब्लीच, ब्रशने घासणे, पिळणे आणि ड्राय क्लीनिंग यांपैकी काहीही करू नये. वरून कपडे टाकायच्या यंत्रात हे जॅकेट फिरवून सुकवणे धोक्याचे आहे: जलरोधक कापडात पाण्याचा गोळा अडकतो, ड्रमचा तोल जातो आणि यंत्राचे नुकसान होऊ शकते. ते हँगरवर सावलीत निथळत ठेवावे.

चौथी तपासणी: उष्णता

वाळलेल्या जॅकेटवर पाणी शिंपडून थेंब गोळा होऊन ओघळतात का ते पाहावे. काही ठिकाणीच ओघळत असतील, तर तो थर संपलेला नाही, त्याची सूक्ष्म रचना केवळ विस्कटलेली आहे, आणि मंद उष्णतेने ती पुन्हा उभी राहते. ड्रायर असल्यास मंद उष्णतेवर वीस मिनिटे पुरतात. आपल्याकडच्या बहुतेक घरांत ड्रायर नसतो. तेथे वाफ न सोडणारी इस्त्री सर्वांत कमी उष्णतेवर ठेवून, मध्ये पातळ सुती कापड घालून, बाहेरच्या बाजूने हळू फिरवावी. चेन, चमकणाऱ्या पट्ट्या आणि रबरी छपाई यांवर इस्त्री नेऊ नये. चिठ्ठीवर इस्त्रीच्या चिन्हावर फुली असेल, तर ही पायरी सोडून द्यावी.

मे महिन्याच्या उन्हात टाकले की तेच काम फुकट होईल, असे येथे अनेकांना वाटते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. एवढ्या उन्हातही हवेची उष्णता या कामासाठी अपुरीच पडते, आणि दुसरीकडे अतिनील किरणे नायलॉनचा धागा कमकुवत करतात, रंग उडवतात. फायदा नाही आणि नुकसान निश्चित, म्हणून गच्चीवरची दोरी या कपड्यासाठी नव्हे.

पाचवी तपासणी: नवा लेप

धुऊन आणि उष्णता देऊनही कापड सगळीकडे पाणी पीत असेल, तर पाणी झटकणारा थर नव्याने द्यावा लागतो. येथून खर्च सुरू होतो. आत वेगळे जाळीदार अस्तर असलेल्या जॅकेटला फवारण्याचा प्रकार घ्यावा, कारण बुडवून देण्याच्या प्रकारात अस्तरालाही तो लागतो आणि अस्तर घाम शोषणे सोडून देते. बाहेरचे कापड, पडदा आणि अस्तर हे तिन्ही थर एकत्र चिकटवलेल्या जॅकेटला दोन्ही प्रकार चालतात. फवारणी धुतलेल्या, अजून ओल्या कापडावर करावी. खांदे, टोपी आणि बाह्यांचा वरचा भाग यांवर दोनदा. दोन-तीन मिनिटांनी जास्तीचे द्रव ओल्या फडक्याने पुसावे आणि नंतर बाटलीवर सांगितलेली उष्णता द्यावी. मळलेल्या कापडावर फवारणे म्हणजे मळच कापडात पक्का करणे होय.

एक गोष्ट नव्या जॅकेटांच्या मालकांनी समजून घ्यावी. जुन्या लेपांत फ्लोरिनयुक्त संयुगे असत आणि ती तेलालाही झटकत. निसर्गात ती विघटित होत नाहीत म्हणून अनेक कंपन्यांनी ती सोडली. बदल आवश्यक होता आणि मला तो मान्य आहे. परंतु नवे लेप पाण्याला चांगले झटकत असले तरी तेलाला नाही, त्यामुळे नवे जॅकेट जुन्यापेक्षा लवकर मळते आणि ते अधिक वेळा धुवावे लागते.

सहावी तपासणी: शिवण, छिद्र आणि चेन

शिवणीच्या सुईची छिद्रे आतून गरम करून चिकटवलेल्या टेपने बंद केलेली असतात. जॅकेट उलटे करून चांगल्या उजेडात प्रत्येक टेपच्या कडेवरून नख फिरवावे. एक-दोन इंच टेप सुटली असेल, तर ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळू देऊन, शिवणीसाठीचा पॉलियुरेथेन गोंद पातळ लावावा आणि एक दिवस हलवू नये. बारीक छिद्राला कापडावर चिकटणारे ठिगळ लावावे. त्याचे कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा प्रथम उचलला जातो. शेजारच्या शिंप्याकडून वर कापड शिवून घेऊ नये. शिंपी कितीही कुशल असला तरी प्रत्येक टाका म्हणजे पडद्याला एक नवे छिद्र, आणि त्यावर टेप लावण्याचे साधन त्याच्याकडे नसते.

चेनमधून पाणी येत असल्यास गोड्या पाण्याने दात धुऊन, वाळवून, मेणाची कांडी हलकेच फिरवावी. जोर लावून अडकलेली चेन ओढू नये.

दोष परत का येतो

वरचे सारे उपाय केल्यावरही पुढच्या जूनमध्ये तीच तक्रार येते, आणि तिचे मूळ बहुधा मार्च ते जून या महिन्यांत जॅकेट कोठे ठेवले होते यात सापडते. येथे सराव थंडीत आणि पावसाळ्यात अधिक, उन्हाळ्यात कमी. त्यामुळे फेब्रुवारीनंतर जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्लॅबखालच्या माळ्यावर किंवा टिनाच्या छताच्या खोलीत जाते. पॉलियुरेथेनचे अनेक लेप, विशेषतः पॉलिएस्टर प्रकारचे, पाण्याच्या रेणूंमुळे तुटत जातात आणि उष्णतेने ही क्रिया वेगवान होते. कोरडी उष्णता एकटी एवढी घातक नाही. पण किंचित दमट राहिलेले जॅकेट बंद पिशवीत आणि पिशवी तापलेल्या माळ्यावर, ही जुळणी त्या लेपासाठी सर्वांत वाईट आहे. नवतपा संपेपर्यंत आतला लेप चिकट झालेला असतो आणि पहिल्या पावसात पापुद्रे सुटतात. गाडीच्या डिकीत उन्हाळाभर ठेवलेल्या जॅकेटांचीही हीच गत होते.

याच्या उलट चूक कूलरच्या खोलीत होते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दिवसरात्र चालतो त्या खोलीची हवा सतत ओलसर असते. तेथे भिंतीलगतच्या कपाटात दाबून ठेवलेल्या जॅकेटवर काळे ठिपके येतात आणि ती बुरशी अस्तराला धरते.

जॅकेट पूर्ण वाळल्यावर, आतून व बाहेरून, घरातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या खोलीत, रुंद हँगरवर, सुती चादरीखाली टांगावे. तळमजल्याची किंवा मधल्या मजल्यावरची उत्तरेकडील खोली चांगली. घडी घालायचीच असेल तर सैल घालावी आणि महिन्यातून एकदा तिची रेघ बदलावी. खिशात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यास पावसाळ्यात उपयोग होतो. टेपच्या कडा आणि कॉलरचा आतला भाग यांवरून दर महिन्याला हात फिरवला तर चिकटपणा सुरुवातीलाच कळतो.

कोठे थांबावे

आतला लेप बोटाला चिकटत असेल किंवा हाताने चोळताच पापुद्रे सुटत असतील, तर काम तेथेच थांबवावे. तुटलेले पॉलियुरेथेन पुन्हा जोडता येत नाही. त्यावर फवारलेला लेप बाहेरच्या कापडाला लागतो, आतल्या तुटीला नाही. असे जॅकेट बोटीवर वापरू नये, बाजारात जायला किंवा अंगणातल्या कामाला ठेवावे. बाहेरच्या कापडावर फुगे आले असतील तर थर एकमेकांपासून सुटले आहेत. इस्त्री करून ते दाबण्याचा प्रयत्न केल्यास खुणा पक्क्या होतात आणि हमीचा दावाही अवघड होतो. हमीच्या मुदतीतील जॅकेट धुऊन, वाळवून, छायाचित्रांसह कंपनीकडे पाठवावे, त्यावर घरी गोंद लावू नये.

हातभरापेक्षा जास्त टेप सुटली असेल, तर गरम हवेने टेप बसवणारे यंत्र असलेल्या कारागिराकडेच जावे. इस्त्रीने लांब टेप एकसारखी बसत नाही, आणि मधे राहिलेला एक सुरकुतीचा बोगदा पूर्ण शिवण निकामी करतो.

ड्रायसूटच्या, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या पूर्ण अंगाच्या पोशाखाच्या, बाबतीत मर्यादा आणखी अलीकडे आहे. त्याच्या गळ्याची आणि मनगटाची लेटेक्सची पट्टी धुणे, वाळवणे आणि सुगंध नसलेली टाल्कम पावडर लावणे एवढेच घरी करावे. पट्टीवर भेगा दिसल्या, ती चिकट झाली किंवा जलरोधक चेनचा एखादा दात वाकला, तर तो ड्रायसूट दुरुस्त होईपर्यंत पाण्यावर नेऊ नये. त्यात शिरलेले पाणी माणसाचे सारे ऊबदार कपडे भिजवते आणि बोटीवर परत चढणे कठीण करते. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा अनेकदा दहा अंशांच्या आसपास असतो, आणि वाऱ्यात ओल्या कपड्याने हात आखडायला फार वेळ लागत नाही.

फुगणारे लाइफ जॅकेट यांतल्या कोणत्याही पायरीत येत नाही. त्याला यंत्र, इस्त्री, फवारणी, गोंद काहीही लावू नये. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने बाहेरून पुसावे आणि त्याची फुगवण्याची कळ व गॅसची नळी निर्मात्याने नेमलेल्या केंद्रातूनच तपासून घ्यावी.